रुखवतातली बरणी

बाटलीत चित्र बसवायचा नाद मला माहेरी लागला. परभणीत वडिलांचं सरबताचं आणि अत्तराचं दुकान होतं, त्यामुळं घरात रिकाम्या बाटल्यांना तोटा नव्हता. बाकीच्या मुली रुमालावर मोर भरायच्या, मी बाटलीत मोर बसवायची. चित्र कापायचं, वितळलेल्या मेणात बुडवून काढायचं, मेण कोमट आहे तोवर सुरळी करून बाटलीच्या तोंडातून आत सोडायचं आणि विणायच्या सुईनं मागच्या काचेवर पसरायचं. मग पाणी भरायचं. पाणी आधी उकळून, तुरटी फिरवून, फडक्यातून गाळून घ्यायचं, नाहीतर महिन्याभरात आत शेवाळ धरतं. वरून बूच, बुचावर लाख. देवळीत ठेवली की बघणारा दोन पावलं पुढं यायचाच.

एवढं कुणीही शिकेल. खरी गोम पाण्यात आहे. गोल बाटलीत पाणी भरलं की आतलं चित्र आडवं फुगतं. उंची तेवढीच राहते, रुंदी वाढते. म्हणून मी हातानं चित्र काढायची तेव्हा सगळं काठीसारखं बारीक काढायची. पाणी भरायच्या आधी माझा बाळकृष्ण कुणी पाहिला असता तर त्याला वाटलं असतं, हा दुष्काळातून आलाय. पाणी भरलं की तो अंगानं भरायचा. हे गणित मला कुणी शिकवलं नव्हतं आणि त्याचा मला गर्व होता. अजूनही आहे.

लग्न होऊन मी ताडकळसजवळच्या एका गावात शेतकऱ्याच्या घरी आले. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी माझ्या बाटल्या एकेक उचलून, कानाशी हलवून पाहिल्या.

"पानी प्यायचं न्हाई, तेल ठिवायचं न्हाई. मंग ह्या करायच्या कशाला?"

मी म्हणाले, बघायच्या. त्या म्हणाल्या, बघायला आमच्या घरात टाइम कुणाला हाय. तरी पुढं पाहुणी आली की त्याच तिला देवळीपाशी घेऊन जायच्या आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं तिथं घुटमळायची.

घरात मला लळा लागला तो थोरल्या जावेचा. तिला मी अक्का म्हणायची. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, मी कधी पाहिलंच नाही. रझाकारांच्या दिवसांत, पोलीस ॲक्शन व्हायच्या आधीच्या पावसाळ्यात, पुष्कळ तरणी माणसं सरहद्दीपलीकडं निघाली होती. तसे तेही निघाले. हिंगोलीच्या वर पैनगंगा ओलांडली की निजामाचं राज्य संपायचं. बरोबरचे लोक नंतर परत आले. नदीपर्यंत संगं होतो म्हणाले. तिथं अंधारात पांगापांग झाली, मग कुणाला कोण दिसलं नाही. निजाम गेला, त्याचा हाली रुपया गेला, शाळेवर झेंडा लागला. दीर आले नाहीत. कुणी सांगायचं अकोल्याच्या गिरणीत दिसले, कुणी सांगायचं नागपूरच्या टेसनावर. अशी बातमी आली की अक्का चार दिवस भराभरा कामं करायची, मग पुन्हा मंदावायची. कपाळावरचं कुंकू मात्र रोज ठसठशीत.

आत्याबाई रोज एक भाकरी जास्त थापायच्या. संध्याकाळी ती म्हशीला जायची. त्या भाकरीविषयी घरात कुणी बोलत नसे आणि मला तिची भीती वाटायची. टोपल्यात ती पालथी पडलेली दिसली की जेवण गोड लागायचं नाही.

मग धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा हिंगोलीकडचा, बऱ्या घरचा. रुखवत मांडायचं काम माझ्याकडं आलं आणि मी हरखले. रुखवत म्हणजे नवरीकडच्या बायकांची परीक्षाच. लाडू-करंज्यांची ताटं कुणीही मांडतं. मला वऱ्हाडातल्या बायकांना तोंडात बोट घालायला लावायचं होतं. मी बाटल्या करायला बसले. एकीत कमळ, एकीत राघू, एकीत पोखर्णीच्या जत्रेतून आणलेलं नरसिंहाचं चित्र.

त्याच दिवसांत गावात कुजबुज सुरू झाली. नवरीला हळद लावायला सवाशिणी लागतात. त्यांत अक्काला धरायचं का? नवरा हाय म्हणावं तर कुठं हाय, न्हाई म्हणावं तर कुणी पाह्यलं? शेजारची एक म्हातारी आमच्या ओसरीवर बसून हे मोठ्यानंच म्हणाली. आत्याबाई जात्यावरून उठल्या.

"माझं लेकरू जित्तं हाय. हळद तीच लावंल. आन् तुमाला नको वाटत आसंल तर लग्नाला येऊ नका."

म्हातारी गेली. अक्का आत दाराआड उभी होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ आली आणि पदराखालून एक फोटो काढून माझ्या मांडीवर ठेवला. परभणीच्या स्टुडिओत काढलेला, कमरेपासून वरचा. फेटा, कोट, उभट चेहरा, गालांची हाडं वर आलेली. त्यांचा तेवढा एकच फोटो घरात होता.

"यांना बरणीत बसव," ती म्हणाली. "बहिणीचं लगीन हाय. थोरला भाऊ मांडवात दिसाया पायजे. लोकांनी बी बघावं, माझा मालक कोण हाय ते."

मी नको म्हणाले. एकच फोटो आहे, मेण लागलं नाही नीट, पाणी आत शिरलं तर जाईल. ती ऐकेना. अक्का एरवी कुणाला काही मागायची नाही, त्यामुळं तिला नाही म्हणायची कुणाला सवय नव्हती. फोटोची सुरळी करायची माझी छाती होईना, म्हणून ताडकळसच्या बाजारातून रुंद तोंडाची काचेची बरणी आणवली, किराणावाले गोळ्या ठेवतात तसली. मेणाचे दोन हात दिले. फोटो उभाच आत सोडला आणि मागच्या काचेला चिकटवला.

पाणी मी ओतत होते आणि अक्का समोर उकिडवी बसून बघत होती. पाणी कोटाच्या गुंड्यांवरून चढलं. गळ्याशी आलं. हनुवटीशी आलं आणि माझा हात थांबला. आजवर शंभर देव मी असे बुडवले होते, पण माणूस नव्हता बुडवला.

"भर की," अक्का म्हणाली.

मी भरलं. चेहरा फुगला. हातानं काढलेलं चित्र मी बारीक करू शकत होते, फोटोला काय करणार! उभट चेहऱ्याचा माणूस गोल झाला, गाल भरले, डोळे लांबट झाले. आत्याबाई बघायला आल्या आणि हसल्या. किती दिवसांनी हसल्या. "बघा, कुटं तरी चांगलं खायाला मिळायलंय माझ्या लेकराला." अक्कापण हसली. मी हसले नाही.

लग्न दुपारचं होतं. सकाळी वऱ्हाड आलं, बैलगाड्या सुटल्या, मांडवात सतरंज्या पडल्या. ओसरीच्या कडेला मी रुखवत मांडलं आणि मधोमध ती बरणी ठेवली. बायका लोटल्या. माझं कौतुक झालं आणि थोडा वेळ मी सगळं विसरले. आत अक्कानं नवरीला हळद लावली, पहिल्यांदा तिनंच. हातभर हिरव्या बांगड्या, जरीचा काठ, कपाळ भरून कुंकू. कुणी काही बोललं नाही.

वऱ्हाडात नवऱ्या मुलाचे चुलत आजोबा होते. उंच, वाकलेले, नदीकाठच्या गावचे. बायकांची गर्दी ओसरल्यावर ते काठी टेकत रुखवताशी आले. कमळ पाहिलं, राघू पाहिला, नरसिंहाला हात जोडले. बरणीपाशी थांबले. वाकून बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि एकदम खाली बसले. मला वाटलं, उन्हानं भोवळ आली.

"पानी देऊ का, आजोबा?"

"ह्यो कोण?"

"आमचे थोरले दीर."

"आसाच हाय का दिसायला? आसा गोल?"

"न्हाई. बारीक हायेत. पान्यामुळं तसं दिसायलंय." मला त्यातही माझी कारागिरी सांगायची होती.

त्यांनी बरणीवरची नजर काढली नाही. मग आवाज उतरवून विचारलं.

"डाव्या पायाला सा बोटं हायेत का?"

मी दिरांना पाहिलं नव्हतं, पण हे मला ठाऊक होतं. आत्याबाई दहादा सांगायच्या, माझा सहा बोटांचा, भाग्याचा. मी मान हलवली.

"पोरी, मी ह्याला पान्यातच बघितलंय," म्हातारा म्हणाला. "त्या पावसाळ्यात. नदी दोन्ही थड्या भरून चाललेली. आमच्या गावाखालच्या वळणाला झाडाला आडकला व्हता. त्वांड हे आसंच झालं व्हतं, बग. आगदी आसंच. साधा फोटू दावला आसतास तर मी वळखलं नसतं."

नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. वाईट दिवस होते. विचारायला जावं तर आपल्याच गळ्याशी यायचं. म्हणून गावातल्या चौघांनी थडीवरच अग्नी दिला आणि तोंड मिटून घेतलं. एवढं सांगून ते रडायला लागले. मी त्यांना उठवलं आणि मालकांना बोलावून आणलं.

माझ्या मालकांनी सगळं उभ्यानं ऐकलं. भाऊ होता त्यांचा, पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. बातमी कानावर आली की सुतक. सुतक आलं की लग्न मोडलं, अन् असं मोडलेलं लग्न पुन्हा जुळत नाही. त्यांनी म्हाताऱ्याचा हात धरला. "पोरगी गाडीत बसूस्तर कुनाला बोलू नगा." मग माझ्याकडं वळले. "तू बी."

त्यानंतरचा तो दिवस मी कसा काढला ते माझं मलाच ठाऊक. मी बरणीवर फडकं टाकलं. थोड्या वेळानं येऊन बघते तर फडकं काढलेलं. मी पुन्हा टाकलं, अक्का आली आणि तिनं ते घडी घालून बाजूला ठेवलं.

"झाकतीस कशाला? बगू दे की त्यास्नी लगीन."

अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. पंगती उठल्या. अक्का बुंदी वाढत होती, विहिणींच्या ओट्या भरत होती, सवाशिणींना कुंकू लावत होती, लावून घेत होती. जितक्यांदा कुणी तिच्या कपाळाला बोट टेकवलं तितक्यांदा मी नजर वळवली. मला ओरडावंसं वाटत होतं. मला तिचा राग पण येत होता, की हिला कसं कळत नाही, एवढा मोठा दगड डोक्यावर लोंबतोय आणि ही बुंदी आणखी घ्या म्हणते. आत्याबाई बरणीशी जाऊन दोनदा लेकाशी बोलून आल्या.

ऊन उतरल्यावर पाठवणी झाली. नवरी अक्काच्याच गळ्यात पडून रडली. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, तिच्या स्वतःच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. गाड्या पांदीला लागल्या, धुरळा बसला. पुरुष ओसरीवर येऊन बसले आणि खाकरायला लागले. मालकांनी एव्हाना त्यांच्या कानावर घातलं होतं, आता बायकांना सांगायचं होतं. एकमेकांकडं बघत होते, कुणी तोंड उघडेना. आत्याबाई आत टोपली आवरत होत्या.

मी रुखवतापाशी उभी होते. अक्का आली आणि माझ्याजवळ जमिनीवर बसली. दिवसभर उभी होती, पहिल्यांदाच टेकली.

"म्हाताऱ्यानं बोटांचं इचारलं तवा मी ह्या मागच्या दाराआड व्हते," ती म्हणाली. "लाडवाचं ताट घेऊन."

सगळ्या पंगती, सगळ्या ओट्या, सगळं ते कुंकू तिनं हे माहीत असून केलं होतं. मला दिवसभर तिचा राग आला होता आणि आता तिची भीती वाटली. एवढं एका बाईच्या अंगात मावतं कसं?

"पोरीचं झालं न्हवं नीट?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. "मंग आता आत्याबाईला मी सांगते. गड्यांच्यानं व्हायचं न्हाई ते. बांगड्या अन् कुंकवाचं बी बगू. पण आदी यांना पान्यातून भाईर काढ."

मी बरणीच्या झाकणावरची लाख फोडली. पाणी ओसरीच्या कडेला ओतलं, फोटो सुईनं सोडवून वर घेतला. मेणानं काम चोख केलं होतं, कागदाला थेंब लागला नव्हता. तरी अक्कानं तो माझ्या हातातून घेतला आणि लेकराचं डोकं पुसावं तसा पदरानं टिपून काढला, पुढून, मागून. उभट चेहरा, वर आलेली गालाची हाडं. दिवे लागायला आले होते आणि तिनं तो उजेडाकडं धरला.

"आसे व्हते ते," मला म्हणाली. "तू पाह्यलं न्हवतंस न्हवं? बारीक व्हते."

मग फोटो हातात घेऊनच ती आत्याबाईंकडं आत गेली.