कॅसेटवर नसलेलं गाणं

पडदा वर जातो, आणि समोर कळमनुरीजवळचा तांडा. मांडवाला आंब्याचे डहाळे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत डीजेचे डबे आणि त्यांतून दणदणणारं जिवनबाईचं जुनं गाणं. पोरं नाचताहेत. ज्या बाईचा तो आवाज, ती कढईत पुऱ्या तळतेय; तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

आमच्या ऑर्केस्ट्रात ती गायची, मी नकला करायचो. "संतरामभाऊ, तुमी आले की लोकं शेंगा खाऊन घेतात," असं चिडवायची. जवळा बाजार गावात कार्यक्रम असला की तिला बघायला माणसं झाडांवर चढत. काळीपिवळीवाल्यांनी तिच्या कॅसेटी वाजवून वाजवून झिजवल्या.

मग कॅसेट कंपनीनं ढावलो मागितला. बंजारा नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून जे रडत गाते, तो ढावलो. त्यावर कंपनीला ढोलकी टाकायची होती.

"त्यो बाजारात न्यायचा न्हाई," जिवनबाई म्हणाली. पुढं तिची कॅसेट निघाली नाही. लग्नही तिनं केलं नाही, त्यामुळं स्वतःचा ढावलोही राहूनच गेला.

आज तिची भाची निता सासरी निघाली होती; डीजे थांबला होता. नांदेडला शिकलेली पोरगी. बापाच्या, भीमसिंगच्या गळ्यात पडली आणि नुसतीच हुंदके देत राहिली.

"मुकीच धाडता काय लेकराला?" एक म्हातारी करवादली.

"फूफी, मला येत न्हाई गं!" निता आत्याकडं बघत कळवळली.

जिवनबाई पिठाचे हात पुसत आली. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज कुजबुजीएवढाच उरलाय. तिनं निताच्या कानाशी तोंड नेलं. आत्या एकेक ओळ सांगायची, निता म्हणायची. माय, बाप, गोठ्यातली गाय, दारचा लिंब, सगळ्यांचा निरोप. हळूहळू निताचा सूर मोकळा झाला आणि भीमसिंग पोरासारखा रडू लागला.

तेवढ्यात डीजेवाला मुन्ना भल्या मनानं माईक घेऊन धावला. "मावशी, सगळ्या तांड्याला ऐकू जाऊ द्या ना!"

जिवनबाईनं माईक हातानं दाबून धरला. "बंद कर त्ये. हे बापलेकीचं हाय."

निताची गाडी गेली. धुरळा खाली बसला तरी कुणी हललं नाही.

"बाई," मी म्हणालो, "इतक्या वर्षांनी तुमचा ढावलो ऐकला."

"माझा न्हाई भाऊ, निताचा."

तिनं पदरानं डोळे टिपले आणि ट्रॉलीकडं वळली.

"काहून उभा राहिला रे मुन्ना? लाव आता माझं गाणं. जोरात लाव."