तीन दिवसांची ओल

गणपती मिस्त्रींच्या भट्टीत मुंग्या लोखंडाला लागायच्या. खोटं वाटेल, पण मी तिथं अठरा वर्षं काढली आहेत. इंजिनाच्या भागात जिथं पोकळी हवी तिथं साच्यात वाळूचा गोळा बसवावा लागतो, आणि ती वाळू धरून राहावी म्हणून आम्ही तिच्यात काकवी घालायचो. गुऱ्हाळांच्या मुलखात काकवीला काय तोटा? सकाळी बघावं तर साच्यावर मुंग्यांची रांग. एकदा हातकणंगल्याचं एक गिऱ्हाईक ते बघून म्हणालं, "मिस्त्री, हितं लोखंड करता का लाडू?"

"चावून बगा की, पावणं," मिस्त्री म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले.

मी गडमुडशिंगीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. तिथले मास्तर म्हणायचे, बाळासो, तू बोलतोस फार आणि लिहितोस थोडं. आता म्हातारपणी तो हिशेब सरळ करतो आहे. सासष्ट साली, लग्न झाल्यावर, सायकल मारत कोल्हापूरच्या उद्यमनगरात यायला लागलो आणि मिस्त्रींच्या हाताखाली साचे भरायला शिकलो. पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या थोरल्या मुलाचं, ज्ञानूचं. मिस्त्रींची ओळख आधी करून दिल्याशिवाय ज्ञानू कळायचा नाही.

मिस्त्री ओतलेलं चाक हातोडीनं टिचकायचे आणि कान लावायचे. नाद बसका आला की घण मागवून सगळ्यांसमोर ते चाक फोडायचे. का, म्हणून विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. "करतोय तसं कर," एवढंच. देवाधर्माचं त्यांना वावडं होतं. चैत्रात सगळं कोल्हापूर जोतिबाच्या डोंगरावर जायचं, तेव्हा मिस्त्री भट्टीची राख काढत बसायचे. बायको, म्हणजे अंबूबाई, नारळ घेऊन जायला सांगायची. मिस्त्री तो रस्त्यात फोडून खायचे आणि परत येऊन "दर्शन झालं" म्हणायचे.

असा माणूस वर्षातून एकदाच देवाचं नाव घ्यायचा. खंडेनवमीला. लोखंडाचा रस धरायला मोठं बादलीसारखं भांडं असतं, त्याला लांब दांडा, दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं. त्याला आम्ही लॅडल म्हणायचो. रसानं ते वितळू नये म्हणून आतून मातीचा जाड लेप असतो. खंडेनवमीला जुना लेप खरवडून काढायचा, नवा द्यायचा, हळदीकुंकू लावायचं आणि तीन दिवस भट्टीला हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी पेटवायची. "जोतिबाची सुट्टी हाय," मिस्त्री म्हणायचे, "मोडली तर देव कोपतो." आम्ही तीन दिवस मटण आणि पत्ते यांत घालवायचो. देवावर आमची श्रद्धा त्या तीन दिवसांत फार असायची.

एकोणसत्तरला मिस्त्री गेले. ज्ञानूनं धंदा हातात घेतला. त्याच्या पाठचा कृष्णात. ज्ञानू तांत्रिक शाळेत दोन वर्षं गेलेला, बोलायला चलाख. कृष्णात मुका म्हणावा इतका कमी बोलणारा, पण चांगला मोल्डर, साचे भरण्यात हात बसलेला, आणि रस ओतताना लॅडलच्या पुढच्या बाजूला तोच. त्याची बायको चिमणाबाई, दोन लहान मुली. घरात रीत अशी की धाकट्या जावेनं थोरल्या दिराशी तोंडानं बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर सासूला सांगायचं, दीर समोर बसलेला असला तरी. "आत्ती, त्यांना इचारा, भाकरी वाढू का." ज्ञानू आईकडं बघून म्हणायचा, "वाढ म्हणाव." मला त्याचं फार हसू यायचं.

त्र्याहत्तरच्या नवरात्रात एका इंजिनवाल्याचं काम आलं. जड चाकं, बारा नग, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हवी. देणारा म्हणाला, जमत नसेल तर समोरच्या गल्लीत विचारतो. समोरच्या गल्लीत तीन भट्ट्या होत्या आणि त्यांना जोतिबाची सुट्टी नव्हती.

खंडेनवमीला लेप दिला, पूजा झाली. ज्ञानूनं हात धुतले आणि म्हणाला, "उद्या पेटवायची."

कृष्णात म्हणाला, "दादा, आबा तीन दिवस म्हणायचं."

"आबा म्हणायचं म्हंजे? जोतिबा चाकं ओतून देणार हाय का?"

"मला न्हाय पटत."

"मग डोंगरावर जा. गुरव हो. आरती म्हण." ज्ञानू माझ्याकडं वळला. "काय बाळासो, ह्याला गुलाल लावून पाठवू या का?"

मी हसलो. सगळेच हसले, पण मी जास्त मोठ्यानं हसलो. कृष्णात मान खाली घालून निघून गेला.

दसऱ्याला सकाळी लॅडलमध्ये लाकडं पेटवली, तासभर. वरचा लेप पांढरा दिसू लागला. ज्ञानूनं बोटानं टिचकून बघितलं, टणक. तिसऱ्या प्रहरी भट्टीतून रस सोडला. पुढं कृष्णात, मागं मी. चार पावलं चाललो असू. लॅडलच्या पोटातून आधी एक गुदमरल्यासारखा आवाज आला, आणि मग रस वर उडाला. तो पुढं उडाला. माझ्याकडं आला तो शिंतोडा, त्याचा डाग अजून मनगटावर आहे.

कृष्णात ओरडला नाही, एवढंच मी सांगतो. त्याहून जास्त मला सांगवत नाही. दवाखान्यात दोन दिवस होता. चौथ्या दिवशी, ज्या दिवशी मिस्त्रींनी भट्टी पेटवली असती, आम्ही त्याला पंचगंगेच्या घाटावर नेलं.

सगळी पेठ म्हणाली, देव कोपला. अंबूबाईनं बोकड कबूल केला. भट्टी बंद पडली. जागेला गिऱ्हाईक आलं, गोदाम करणारं. विकावं तर घरातल्यांचा घास काही वर्षं निघाला असता, पुढचं कुणी सांगावं. पण विकायलाही चिमणाबाईचा होकार हवा, कारण अर्धा वाटा आता तिचा. ती नुसती चुलीपुढं बसायची. ज्ञानू जोतिबाला तीनदा जाऊन आला, अनवाणी.

तिसऱ्यांदा परत येताना तो माझ्या घरी थांबला. पाय फुटलेले. म्हणाला, "बाळासो, आबा कवा डोंगरावर गेलं का?"

"कवाच न्हाय."

"मग ह्या तीन दिवसापुरता जोतिबा कुठनं आला?"

 दुसऱ्या दिवसापासून तो बंद भट्टीत एकटाच काहीतरी करत होता. लोखंडी घमेल्यांना तीच माती, तेवढाच जाड लेप, आणि वर तासभर जाळ. मग छिन्नीनं फोडून बघायचं. पुन्हा नवा लेप. त्याची बायको म्हणाली, डोकं फिरलं. मलाही तसंच वाटलं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी त्यानं मला बोलावलं आणि तीन घमेली घेऊन घरात गेला. चिमणाबाई भाकरी थापत होती, अंबूबाई शेजारी. ज्ञानूनं घमेली मांडली. एकाचा लेप कालचा, एकाचा परवाचा, एकाचा तीन दिवस मुरलेला. तिन्हींवर जाळ केलेला, तिन्ही वरून सारखीच पांढरी. मग त्यानं छिन्नीनं एकेक फोडलं. कालच्याचा पापुद्रा निघाला, आणि खाली लोखंडाला लागून माती काळी, ओली. बोटाला चिकटत होती. परवाच्याची थोडी कमी. तिसऱ्याची कोरडी ठक्क.

"ओल अडकली खाली," ज्ञानू म्हणाला. "रस पडला, वाफ झाली, वाट न्हाय मिळाली. देव न्हाय कोपला, आई. आबांनी वाळायसाठी तीन दिवस ठेवलं व्हतं. कारण सांगितलं तर गडी हुज्जत घालतो, देव सांगितला तर गप बसतो. म्हणून देव सांगितला. आणि मी हुज्जत देवाशी घातली."

अंबूबाई म्हणाली, "बोकड कबूल केलाय मी. गप की आता. देवानंच नेलं म्हण आणि सोड."

ज्ञानू गप्प झाला नाही. खरं सांगतो, तो गप्प राहिला असता तर जन्मभर त्याला कुणी बोललं नसतं. देवावर भागलं होतं.

चिमणाबाईनं तवा उतरवला. पदर पुढं ओढला. "आत्ती, त्यांना इचारा, माती कुणी कालवली."

"मी," ज्ञानू म्हणाला.

"इचारा, पेटवा कोण म्हणालं."

"मी."

"आणि माझा माणूस नको म्हणत व्हता त्यावर हसलं कोण?"

ज्ञानू काही बोलायच्या आधी मी म्हणालो, "मी हसलो, चिमणाबाई."

तिनं पदर मागं सारला आणि पहिल्यांदाच थेट दिराकडं बघून बोलली. "शंभर दिवस देवाच्या नावावर जेवलासा. आता जागा विकून दुसऱ्याच्या नावावर जेवायचं का?" मग म्हणाली, "पेटवा भट्टी. पण लेप मी बघणार. मी हूं म्हणल्याबिगर रस सुटायचा न्हाय."

त्यानंतर दरवेळी नवा लेप दिला की चौथ्या दिवशी सकाळी चिमणाबाई यायची. कोपऱ्यात सळईनं छेद द्यायची, लोखंडापर्यंत, आणि करंगळीचं नख आत घालून बघायची. ज्ञानू हात बांधून उभा. नख कोरडं आलं की ती "हूं" म्हणायची, छेद बुजवायला सांगायची आणि घरी जायची. धंदा मोठा झाला नाही. नव्या गड्याला ज्ञानू प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत बसायचा, गडी कंटाळून जांभया द्यायचे, तरी सांगायचा. दिराशी ती त्या "हूं"पलीकडं कधी बोलली नाही. भाकरीचं सुद्धा पुन्हा सासूमार्फतच.

ब्याऐंशीला आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा ट्रक दारात उभा होता. पावसाळी हवा, लेपाला चार दिवस झालेले. चिमणाबाईनं नख बाहेर काढलं, उजेडात धरलं. नखाच्या कडेला काळी रेघ होती, केसाएवढी. तिनं मान हलवली, नाही.

ट्रकवाला म्हणाला, "अहो, बाईमाणसाच्या नखावर धंदा करता का?"

ज्ञानूनं त्याला आत नेलं, लॅडल दाखवली, ओल म्हणजे काय, वाफ म्हणजे काय, सगळं सांगितलं. पाव तास लागला. ट्रक रिकामा गेला आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

चिमणाबाई पायरीवर बसून नख पदराला पुसत होती. ज्ञानू तिच्यापासून चार हात लांब उभा राहिला. मी मागच्या बाजूला, लॅडलच्या दांड्याशी, जिथं मी नेहमी उभा असायचो.