ढकललेली जीत

२०२३ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा, आणि डॉक्टरच्या हिशेबाने माझे खांदे नव्वदीचे. नागपुरात हुडकेश्वर रस्त्यावर माझा पानठेला आहे. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, आत एक म्हातारा आरामात बसला आहे. तो नेहमी बसलेलाच असतो, हे त्याला दुसऱ्या-तिसऱ्या पानाला कळतं. मग त्याची नजर मागच्या फोटोंवर जाते. तीन चाकांची लांब नाकाची खुर्ची, तीत गुडघे दुमडून बसलेला मी, गळ्यात पदक. मग तो विचारतो, "काका, हे तुम्ही?" मी म्हणतो, "नाही, माझा जुळा भाऊ. तो जिंकतो, मी चुना लावतो."

व्हीलचेअरच्या शर्यतीत मी बरीच वर्षं देशात पहिला होतो. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी नीट सांगत नाही. मी नागपूरजवळच्या कन्हानचा. बाप कोळशाच्या खाणीत. पोलिओने पाय गेले तेव्हा मी रांगतही नव्हतो, त्यामुळे मला त्यांची आठवण यायचं कारण नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीचा वर्ग माडीवर भरायचा. मास्तर म्हणाले, पोरगा हुशार आहे, पण जिना आहे. जिना काही हलला नाही, मग मीच घरी आलो.

पुढे हाताने फिरवायची तीनचाकी मिळाली. तिच्यावर कन्हानच्या पुलावरून ये-जा करून दंड असे झाले की खाणीतली माणसं पंजा लढवायला यायची आणि हरून जायची. तिथून कोणीतरी पुण्याला शर्यतीला नेलं. तिथे आयोजकांनी आम्हा सगळ्यांना दवाखान्यातल्या खुर्च्या दिल्या. माझ्या खुर्चीला सलाइनची बाटली टांगायचा दांडाही होता. दांड्यासकट पहिला आलो. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'अपंगत्वावर मात'. मी अपंगत्वावर मात-बित केली नव्हती. मी कोल्हापूरच्या एका पोरावर मात केली होती, आणि तो पोरगा चांगला होता. त्याच्याबद्दल पेपरात एक ओळ नाही.

त्यानंतर सत्कार सुरू झाले. आमच्याकडे सत्काराची एक रीत आहे. स्टेज उंच पाहिजे, पायऱ्या खड्या पाहिजेत, आणि सत्कारमूर्ती चालणारा नसला तर चार कार्यकर्ते त्याला खुर्चीसकट गणपतीसारखा वर उचलतात. मग पाहुणे म्हणतात, "यांना पाय नाहीत, तरीही..." एकदा मी माइक ओढून सांगितलं, "पाय आहेत. खाली वाकून पाहा, चपलाही आहेत." त्या मंडळाने पुन्हा बोलावलं नाही. शाल मात्र देऊन झाली होती. नागपूरच्या मे महिन्यात मिळालेल्या गरम शाली माझ्याकडे इतक्या आहेत की बायको त्या गाद्यांत भरते. मधल्या काळात सरकारने आमचं नाव बदललं. आधी अपंग होतो, आता दिव्यांग झालो. पायऱ्या तेवढ्याच राहिल्या.

तर २०२३. शहरातल्या मॅरेथॉनमध्ये आमचा एक गट असतो, पाच किलोमीटरचा. ही शर्यत माझ्या गावची, आणि मी ती कधी हरलो नव्हतो. ठेल्यावर दहा माणसांसमोर मी कधीचंच सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी इथं हरलो, त्या दिवसापासून शर्यत बंद." बायको त्याच दिवसाची वाट पाहत होती. रात्री खांद्याला तेल चोळता चोळता म्हणायची, "तुमचे खांदे का सरकारी हायेत? खराब झाले का दुसरे भेटतीन?"

"हरलो का सोडीन वं."

"अन् हरलेच नाई तं?"

"तं तू तेल चोळत राह्य."

त्या वर्षी मला खरी भीती एकाचीच होती. लकडगंजला लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, हिशेब लिहायला बसणारा एक गडी, पस्तिशीचा. अपघातात कमरेखालून गेला होता. चाकाच्या कडीवर हात कसा मारायचा, हे त्याला मीच शिकवलं होतं. शिकवताना माणसाला वाटत नाही की हा एक दिवस आपल्यालाच ओलांडणार आहे. त्याच्या हाताची गती पाहिली आणि मला शंका यायला लागली.

आयोजकांनी सकाळी आम्हा प्रत्येकाच्या मागे टी-शर्ट घातलेला एक-एक स्वयंसेवक उभा केला. मी विचारलं, "हा काहून?"

"काका, थकलात तर ढकलायला."

"याले म्हणावं, तू थकला तर सांग, मी ओढून नेईन."

तो बिचारा लाजून बाजूला झाला. पाहुण्यांनी झेंडा हलवला, आम्ही निघालो. सरळ रस्त्यावर मी आणि लकडगंजवाला बरोबरीने होतो. बाकीचे मागे पडले. मग पूल आला. आमच्या शहरात आता माणसापेक्षा पूल जास्त झाले आहेत, आणि शर्यतीची वाट आखणाऱ्याला त्यातला सगळ्यात खडा पूल आवडला होता. चढ लागताच तो पुढे गेला. एक खुर्ची, मग दोन. माझा उजवा खांदा करकरायला लागला. चाक पुढे ढकलावं आणि ते अर्धं मागे यावं, असं चाललं होतं. मी हरत होतो. हे मला तिथेच, चढाच्या मध्यावर, स्वच्छ कळलं.

तेवढ्यात खुर्ची हलकी झाली.

मला वाटलं, खांदा सुटला. मागे पाहिलं तर एक साहेब. पांढरे बूट, ट्रॅकसूट, कानात वायर. सकाळच्या फिरण्याला निघालेले असावेत, आणि वाटेत पुण्य दिसलं. दोन्ही हात माझ्या खुर्चीला लावून ते पळत होते. मी ओरडलो, "सोड बे! हात काढ!" पण पुलावर आयोजकांनी ढोलपथक उभं केलं होतं आमच्या उत्साहासाठी. साहेबांना काही ऐकू गेलं नाही. हात उगारावा तर चाक सुटतं. ब्रेक दाबावा तर ते माझ्यासकट उलटे पडतात. माझी ही खुर्ची, दुसऱ्याच्या पायांनी पळत, लकडगंजवाल्याच्या बाजूने पुढे निघाली. त्याने वळून पाहिलं. साहेबांकडेही पाहिलं. आणि मान खाली घालून हात मारत राहिला.

वर पोचल्यावर साहेबांनी मला सोडलं, पाठीवर थाप मारली आणि फोन काढून आमचा दोघांचा फोटो घेतला. पुढे उतार. उतारावर वजनाचा माणूस पुढे जातो, आणि मी वजनाचा आहे. पहिला आलो.

सरळ आयोजकाकडे गेलो. तरुण माणूस, गळ्यात शिट्टी.

"मले बाद करा. पुलावर एकानं ढकललं."

"कोणी, काका?"

"कोणी का असंना. बाहेरच्याचा हात लागला का माणूस बाद. नियम आहे."

तो हसला. "अहो काका, त्यानं प्रेमानं ढकललं."

"मी का म्हणून राहिलो, रागानं ढकललं?"

"नियम कडक असतात ते मेन गटात. तुमच्या गटात कसे नियम? तुम्ही सगळेच विजेते आहात."

इतकी वर्षं मी ज्या चाकांवर शर्यती मारल्या, ती सगळी त्याने एका वाक्यात खेळण्यात काढली. मी लकडगंजवाल्याला पुढे केलं. "तू सांग बे. तू पायलं ना?"

तो म्हणाला, "मले नाई दिसलं, काका."

"डोळे टालावर ठेवून आला का?"

"काका, राहू द्या ना. तुम्हीच जिंकले."

हे त्याने प्रेमाने म्हटलं. त्या दिवशी सगळे प्रेमाने ढकलत होते. पाहुण्यांनी मला चौघांकडून स्टेजवर उचलून घेतलं, शाल घातली, आणि 'यांना पाय नाहीत, तरीही' झालं. बक्षिसाची ढाल हातात घेऊन मी हसलो नाही, पण पेपरवाल्याला तेही चालतं. त्याला फोटोत निर्धार दिसतो.

घरी आल्यावर बायकोने ढाल पाहिली आणि तेलाची बाटली उन्हात ठेवली. मी तिला पुलाचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तुम्ही हरले?"

"हरलो नाई. जिंकलोही नाई. मधात लटकलो."

"मंग मोकळे व्हा बाप्पा, नाई तं मी मरेपर्यंत तेल चोळीन."

संध्याकाळी लकडगंजला फोन लावला. "उद्या उजाडता पुलावर ये. खुर्ची घेऊन."

"काहून गा काका?"

"चढ बाकी आहे."

तो म्हणाला, "तुम्ही ऐकणार नाई ना?"

"आजवर ऐकलं कोणाचं?"

"मी हात राखणार नाई मंग."

"राखला तं शिकवलेलं परत घेईन."

दुसऱ्या दिवशी बायको सकाळची बुद्धवंदना म्हणत होती तेव्हा मी निघालो. तो टालाच्या टेम्पोतून खुर्ची उतरवून उभाच होता, म्हणजे बसलाच होता. रस्ता रिकामा होता. ढोल नाहीत, साहेब नाहीत, शिट्टीही नाही. आम्ही पुलाच्या तोंडाशी चाकं एका रेषेत लावली. मी म्हटलं, "हाण." चढाच्या मध्यापर्यंत मी त्याच्या खुर्चीचं नाक सोडलं नाही. मग तो गेला. त्याने खरंच हात राखला नाही, मी पाहत होतो. मी माझ्या गतीने, करकरत, शेवटपर्यंत चढलो. वर तो थांबला होता. घाम पुसत म्हणाला, "काका, आता दिसलं मले."

तिथेच खुर्चीमागच्या पिशवीतून आणलेली ढाल काढून त्याच्या मांडीवर ठेवली. तो नको म्हणाला, मी ऐकलं नाही.

तिथून सरळ येऊन ठेला उघडला. पाट्यावर पाणी मारलं, पानं पुसायला घेतली. रोजचं पहिलं गिऱ्हाईक पेपर नाचवत आलं, "काका, मानलं! फोटो छापला तुमचा. पुन्हा जिंकले!"

"तो फोटो कालचा आहे," मी म्हटलं. "आज सकाळी हरलो."

"कोणती शर्यत होती आज?"

"खरी."

तो गोंधळला. मग त्याला माझा शब्द आठवला असावा, कारण पेपर खाली करून त्याने हळूच विचारलं, "मंग आता बंद, काका?"

"बंद," मी म्हटलं आणि त्याच्या पानाला चुना लावला.