तळ्याच्या भांड्यांना कल्हई

रहमतभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला. शबाना माझी जुनी विद्यार्थिनी. "बाई, अब्बा गेले," एवढंच म्हणाली. मला पहिल्यांदा काय सुचावं... चला, आता प्रश्नांची कटकट गेली. आणि मग रडू आलं. चंद्रपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कल्हईचं दुकान होतं. भाता मारता मारता ते येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून काहीतरी विचारत. मला शाळेला उशीर होई, त्याचं त्यांना सोयरसुतक नसे.

नव्वदच्या दशकात घरोघरी स्टील आलं आणि त्यांच्यावर माशा मारत बसायची वेळ आली. त्याच सुमारास जंगलाच्या तोंडाशी असलेल्या मोहर्ली गावच्या एका म्हातारीने त्यांना ताडोब्याच्या तळ्याची गोष्ट सांगितली. पूर्वी वाटसरूंनी काठावर हात जोडले, की म्हणे तळ्यातून भांडी वर येत. जेवण झालं की घासून परत सोडायची. एकाने लोभापायी ती घरी नेली आणि तळ्याने देणं बंद केलं. आपण अशी गोष्ट ऐकतो नि सोडून देतो. रहमतभाईंची झोप उडाली. "बाई, ते भांडे कायचे होते? पितळेचे असन तं कल्हई लागन, नाई तं अन्न कळकते. मंग तळ्याच्या भांड्याले कल्हई कोन करत होता?" मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. आपल्या हुनराची एवढ्या मोठ्या तळ्यालाही कधी गरज पडली होती का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही शेजाऱ्यांनी जीप केली आणि त्यांना ताडोब्याला नेलं. तेव्हा तळ्याकाठी, गोंडांच्या तारूदेवाच्या देवठाण्यापाशी उतरू देत. आम्हाला वाघ हवा होता, आणि नशीब बघा, समोरच्या काठावर तो पाण्याला आला. आम्ही श्वास रोखून उभे, तर रहमतभाई वाघाकडे पाठ करून ठाण्याजवळच्या गोंड म्हाताऱ्याशी बोलताहेत. मी बाही ओढली. "थांबा ना बाई, कामाचं बोलून राह्यलो," ते म्हणाले. वाघ निघून गेला.

परतताना सगळे वाघाबद्दल बोलत होते. रहमतभाई मात्र मान वळवून तळ्याच्या दिशेने बघत होते.

"काशाचे होते म्हंते," शेवटी ते मला म्हणाले. "काशाले कल्हई लागत नाई."

मला फार वाईट वाटलं. त्या म्हाताऱ्याने जरा खोटं बोलायला काय हरकत होती... मोहर्ली मागे पडलं आणि रहमतभाई एकदम ताठ बसले.

"पन बाई, काशात शिजवता येते का? विस्तवावर तडकते ना ते. म्हंजे वाढाचे काशाचे, शिजवाचे पितळेचेच असतीन."

"असतील ना," मी म्हटलं.

"म्हंजे कोनीतरी होता."

चंद्रपूर येईपर्यंत तो कोणीतरी कुठल्या गावचा असेल, कथील कुठून आणत असेल, भट्टी तळ्यापासून किती लांब लावत असेल, हेच चाललं होतं. इतका खूश माणूस मी त्या जीपमध्ये दुसरा पाहिला नाही, आणि वाघ तर त्यांनी बघितलाच नव्हता.

पुढे भट्टी विझली ती विझलीच. दोन वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेच्या आधी मात्र त्यांनी माझं खिरीचं पातेलं आपणहून मागून नेलं, थकल्या अंगाने भट्टी पेटवली आणि कल्हई करून दिली. "फळीवर नोका ठेवू बाई, रोज वापरा," असा दम दिला. मी वापरलंही. ते गेल्यावर मात्र हात होईना. दर ढवळण्याला थोडी कल्हई जाते, आणि ती त्यांच्या हातची.

मागच्या आठवड्यात शबाना भेटायला आली. तिच्यासाठी खीर त्याच पातेल्यात केली. तिने पोटभर खाल्ली, बापाच्या सवयीने साखर किती घातली ते विचारलं. ती गेल्यावर पातेलं घासताना तळाशी रुपयाएवढं पितळ उघडं पडलेलं दिसलं. आता त्यात खीर करता येणार नाही. गावभर विचारून झालं. कल्हई करणारं कोणीच उरलेलं नाही.