जटायूचा आहेर

लग्नाच्या आहेरात मरणाचं चित्र देणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लोक भांडी देत, भिंतीवरचं घड्याळ देत, फारच जवळचे असले तर मिक्सर देत. मामा जटायू देत. जुन्या काळच्या एका थोर चित्रकाराच्या पौराणिक चित्राची ती छापील प्रत असे. आकाशात रावण, हातात उपसलेली तलवार, पक्ष्याचा तुटलेला पंख खाली चाललेला, आणि रावणाच्या कवेतली सीता बघवत नाही म्हणून हाताने तोंड झाकून घेतलेली. कॅलेंडरचा गुळगुळीत कागद मामांना चालत नसे. जाड, किंचित खरखरीत कागदावरची, मूळ रंगांशी ताडून काढलेली प्रत ते शहागंजातल्या एका फ्रेमवाल्या चाचांकडून मागवून घेत. चाचा दर लग्नसराईत तोच वाद घालत. "मामू, शादी का घर है. कटा हुआ पर कायको देते? राधाकिशन ले जाओ ना."

"राधाकृष्ण एकदा देऊन बघितलाय," मामा म्हणत. "तुम्ही हेच बांधा. अन् काच धुऊन लावा. मागच्या खेपेला तुमचा अंगठा रावणाच्या कपाळावर होता."

आमच्या लग्नात कागद सोडल्याबरोबर माझी आई दोन पावलं मागे सरली. "अगं बाई, पहिल्याच दिवशी घरात रक्त?" मामा शांतपणे म्हणाले, "विहीणबाई, रक्त नका बघू. पाखरू बघा. म्हातारं होतं, आपण जिंकत नाय हे त्याला ठाऊक होतं, तरी आडवं आलं. तेवढंच बघत जा." आईने ते स्वयंपाकघराकडच्या भिंतीवर लावू दिलं, कारण तिथे पाहुण्यांची नजर जात नव्हती.

आहेर दिला की माणूस मोकळा होतो. मामांचं काम तिथून सुरू होई. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जणू दुसरी नोकरी धरली होती. खांद्याला पिशवी, पिशवीत छोटी हातोडी, खिळ्यांची डबी आणि ओळंबा म्हणून दोऱ्याला बांधलेला पितळी नट. एवढ्या सामानानिशी ते एसटीने पैठणला जात, खुलताबादला जात, करमाडला जात आणि न सांगता दारात उभे राहत. घरात शिरल्यावर आधी भिंतीकडे बघत, मग माणसांकडे. "हितं ऊन येतं का?" हा त्यांचा नमस्कार. ऊन आधी लाल खातं, मग पिवळा, शेवटी नुसता निळा उरतो, हे त्यांनी आमच्या पोस्टमनलाही समजावून सांगितलं होतं. दोऱ्याने फ्रेम सरळ आहे की नाही ते बघितल्याशिवाय चहाला हात लावत नसत. आणि फ्रेम कधीच सरळ नसे. मग ती उतरवायची, नवा खिळा ठोकायचा, आणि तोवर फ्रेम सांभाळायला घरातली सूनच लागायची. एखादी सासू पुढे झाली तर म्हणत, "तुम्ही बसा. आहेर तिचा हाय, हात तिचाच लागतो." मग फ्रेमच्या आड दोन डोकी जात आणि हातोडीचा ठोका सुरू होई. एका खिळ्याला इतके ठोके घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पैठणच्या एका घरात तर शेजारचे लोक भिंत पडते की काय म्हणून धावत आले होते.

माझी नोकरी लेखापरीक्षणाची. दोन आकडे जुळले नाहीत की मला जेवण गोड लागत नाही. मामांच्या फेऱ्या माझ्या लेखी जुळत नव्हत्या. सिडकोतल्या एका घरी जटायू सरळ पश्चिमेच्या उन्हात होता, तिथे मामा वर्षातून एकदा जात. करमाडला माझ्या बायकोची चुलत बहीण रेखा दिली होती. तिथली भिंत काळोखी, उन्हाचं नाव नाही, तरी मामा महिन्यातून एकदा तिथे हजर. हे मी जेवताना बायकोला बोलून दाखवलं. तिने पोळी लाटता लाटता हात थांबवला.

"सिडकोतली पोरगी सुखात आहे," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. मामांना एकच मुलगी होती. तिच्या लग्नात त्यांनी हौसेने मोठा राधाकृष्ण दिला होता. ती दोनदा माहेरी निघून आली. दोनदा मामांनी साडी-चोळी करून, समजूत घालून तिला स्वतः नेऊन सोडली. तिसऱ्यांदा ती आली नाही. विहिरीवर पाय घसरला, असा निरोप आला. नंतर सासरच्यांनी लग्नातलं सामान परत पाठवलं.

त्यानंतर मला तो ठोक्यांचा आवाज वेगळा ऐकू येऊ लागला. खिळ्याला तेवढे ठोके लागत नव्हते, फ्रेमच्या आडचं बोलणं झाकायला लागत होते.

एका रविवारी मामा मलाही करमाडला घेऊन गेले. ओसरीवर बाजेवर बसलेले रेखाचे सासरे मोठ्याने हसले. "आला आमचा इन्स्पेक्टर! सूनबाई, चहा टाक, जटायू आला." मामाही हसले. फ्रेम उतरली, रेखाने धरली, ठोके सुरू झाले, आणि मधेच थांबले. मग मामा फ्रेमच्या आडून बाहेर आले. चेहरा होता तसाच.

"लाल उतरलाय. दुरुस्तीला न्यावा लागल."

"सावलीत हाय की वो! कुठं उतरलाय?"

"तुम्हाला नाय दिसायचा."

"न्या मग. आमचं काय जातंय."

"काच हाय. एसटीत दुसऱ्या बाजूनं धराया माणूस लागतं. हिला नेतो संगं."

"हे जावई हायेत की तुमच्याबरोबर!"

"जावयाला काच धराया लावू व्हय? हिशेबाचा माणूस हाय तो, हात कापून घेईल."

सासरा पुन्हा हसला. सासू आतून ओरडली, "उद्या धाडा परत!" मामा म्हणाले, "रंग वाळला की."

एसटीत रेखा आणि मामा शेजारी बसले, मांडीवर आडवा जटायू. गचका बसला तशी तिची बांगडी मागे सरकली आणि मनगटावरचं काळंनिळं मला दिसलं. मामा खिडकीबाहेर बघत होते. फ्रेमवरची त्यांची बोटं मात्र पांढरी पडली होती.

रेखाला आमच्याच घरी आणलं, मामाही राहिले. दुसऱ्या दिवशी रेखाचे वडील आले. "मामा, मला चार लोकांत तोंड दाखवायचंय. रेखा, चल, ऊठ."

मामा उठून दारात उभे राहिले. हाडं मोजून घ्यावीत असा माणूस, दोन बोटांनी बाजूला करता आला असता. रेखाच्या वडिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवलाही. मामा म्हणाले, "ढकल. मी माझी दोनदा पोचवली होती. नंतर सामान आलं परत. तुला काय परत पायजे ते बघ."

रेखाचे वडील तिथेच उंबऱ्याशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. माझ्या आईने आतून पाणी आणलं, दोघांना दिलं. त्या दिवसापासून आईने आमचा जटायू बाहेरच्या खोलीत, दारासमोर लावला. रेखा परत गेली नाही. नर्सिंग शिकली, नोकरीला लागली, आज स्वतःच्या घरात राहते. करमाडचं चित्र तिच्याकडेच आहे. रंग अजून वाळलेला नाही, असं ती सांगते.

माझ्या मुलीच्या लग्नापर्यंत मामा अंथरुणाला खिळले होते. चाचांनी फ्रेम आपणहून बांधून पाठवली, काच लखलखीत धुतलेली. मी ती मामांना दाखवायला नेली. त्यांनी ती बघितलीच नाही. म्हणाले, "जावयाच्या घरी ऊन कोणत्या बाजूनं येतं, बघून आलाव का?" मी म्हटलं, बघून आलो. "एकदा बघून भागत नाय," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

ते गेल्यावर रेखा आणि मी त्यांची खोली आवरायला गेलो. इतक्या वर्षांत मामांनी आम्हाला कधी आतल्या खोलीत नेलं नव्हतं. तिथे जटायू नव्हता. खिडकीसमोरच्या भिंतीवर, दुपारभर ऊन पडतं नेमकं तिथे, एक मोठा राधाकृष्ण होता. होता म्हणायचं इतकंच. लाल गेला होता, पिवळा गेला होता. फिक्या निळ्यात दोन आकृत्या उरल्या होत्या आणि राधेचा चेहरा तर ओळखूही येत नव्हता. दुसऱ्यांच्या भिंतींवरचं ऊन टाळत गावोगाव हिंडलेल्या माणसाने हे एवढं एक चित्र उन्हात ठेवलं होतं. समोरच त्यांची बाज होती.

पिशवी खुंटीला होती. मी दोरा काढून धरून बघितला. फ्रेम अगदी सरळ होती.

उतरवू या का, असं मी विचारलं. रेखाने पुढे होऊन एक बाजू धरली, आणि माझी वाट बघत उभी राहिली.