दोन्ही गालांवर तीळ
फ्लेक्सच्या ताज्या शाईचा उग्र वास नाकात गेला की मला थोरल्या भावाच्या लग्नाआधीचा आठवडा आठवतो. अर्धांगवायूनं आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, चेहऱ्याची एक बाजू लोंबली होती. नवरीकडची मंडळी गगनबावड्याहून येणार म्हणून भाऊ लग्नाच्या बोर्डासाठी आबांचा फोटो आणि मला घेऊन फ्लेक्सवाल्याकडं गेला आणि म्हणाला, "म्हाताऱ्याचं तोंड तेवढं सरळ कर की." फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर आबांचा चांगला अर्धा चेहरा उचलला, आरशातल्यासारखा उलटा केला आणि लोंबत्या बाजूवर बसवला. एका गालावरचा तीळ दोन्ही गालांवर आला. "भारी दिसतंय," भाऊ म्हणाला. चौकात बोर्ड लागला तेव्हा शुभेच्छुकांच्या एवढ्या गर्दीत नजर आधी आबांवरच जायची. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या की डोळा आपोआप तिकडं ओढला जातो. संध्याकाळी आबांना रिक्षातून दाखवायला नेलं. बोर्डाकडं बघून ते अडखळत म्हणाले, "हे पावणं कोण म्हणायचं?" भावानं मोबाईलमधनं मान वर केली नाही. "नवरीकडच्यांना दाखवायचं आबा हाईत ते. तुम्ही लग्नादिवशी घरातच थांबा." आबा थांबले. आता ते नाहीत. भिंतीवर तोच चेहरा आहे, त्यालाच हार घालतात, आणि येणारे-जाणारे म्हणतात, काय देखणा माणूस होता. खरा तीळ कुठल्या गालावर होता, हे परवा मी आठवून बघितलं. आठवलं नाही.