सलवारीतल्या दोन दुमडी

घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. ते नीट कुणामुळे जमलं, हे सांगताना मला एका बाईंची आठवण येते. त्यांचं नाव मला माहीत नाही.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी जानेफळच्या हायस्कूलात नाव घातलं, तेव्हा गणवेश शिवायला बाबा मला या बाईंकडे घेऊन गेले. गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि बोलतानाही मशीनवरचा पाय चालूच.

"मापात शिवा," बाबा म्हणाले. "एक साल पाठवून पाहू. मंग घरीच ठेवाची आहे तिले."

मशीन थांबलं. बाईंनी टेप माझ्या घोट्यापर्यंत लावला आणि खडूने वीतभर जास्तीचं माप लिहिलं.

"मापात म्हटलं मी."

"आयकलं न भाऊ. पण पोरगी दहावीत जाईन तवा सलवार काय गुडघ्यावर घालीन? दोन दुमडी देते. एक नववीत उसवाची, एक दहावीत." मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू काऊन खाली पाहून राह्यली वं? उसवाचं काम तुह्यं आहे."

वर्ष सरलं. बाबा म्हणाले, "झालं आता."

मला बाबांपुढे बोलता येत नाही, अजूनही. मी ब्लेड घेतलं आणि त्यांच्यासमोरच बसून पहिली दुमड उसवली. आतलं कापड गडद निळं, नवंकोरं निघालं.

बाबांनी सलवार उचलून उसवलेल्या जागी बोट फिरवलं.

"इस्त्री करजो," म्हणाले. "दुमड दिसते."